माफीचं बटण

युसूफ वडगाव, ता. केज, जि. बीड
दि. १४ मार्च २०२४

ती. दादास,
सत्यभामेचा नमस्कार.

आई आणि मी दोघी धडधाकट आहोत, तूही असशील असं धरून चालते. टँकर तीन दिवसाआड येतो. चितरी गाय व्यायली, कालवड झाली. संस्थेचं दूध मात्र चारशे लिटरवरून दोनशे तीसवर आलंय. त्यामुळे सकाळचं संकलन आठलाच उरकतं आणि सचिवबाईंना, म्हणजे मला, पत्र लिहायला वेळ मिळतो. फॅट तपासायचं मशीन शेजारी ठेवून लिहिते आहे. पानाला दुधाचा वास आला तर नाक मुरडू नकोस.

पत्र बघून दचकू नकोस, कुणाला काही झालेलं नाही. फोन केला की तू 'मीटिंगमध्ये आहे, नंतर करतो' म्हणतोस आणि तुझं नंतर काही उजाडत नाही. तू बनवलेल्या गेममध्ये मत लिहायला जी चौकट दिली आहेस तिच्यात पाचशे अक्षरं मावतात. माझं मत तेवढ्यात बसेना. म्हणून हे पोस्टाचं पाकीट.

तर, मी तुझं 'तिसरं साल' खेळले. एकदा नाही, चारदा. आधी चांगलं सांगते, नाहीतर म्हणशील बहीण बसली खोड काढायला. आटलेल्या विहिरीत बादली आपटल्याचा आवाज अगदी तसाच आहे. तो ऐकून माझ्याच घशाला कोरड पडली. सरपंचाच्या कुत्र्याचं नाव 'साहेब' ठेवलंस, त्यावर आख्खी दूध संस्था हसली.

हो, संस्थेतल्या बायकांनाही खेळायला लावलं. आमच्या चेअरमन जानकीबाई. त्यांना मी असं समजावलं, की दुष्काळाचं तिसरं वर्ष आहे, घरात विधवा आई, धाकटी मुलगी, दोन बैल आणि वसतिगृहात शिकणारा मुलगा. तो मुलगा म्हणजे तुम्ही. पावलापावलाला दोन-तीन बटणं येतील, त्यातलं एक निवडायचं आणि मृग निघेपर्यंत घर जगवून दाखवायचं. जानकीबाईंनी दुसऱ्याच दिवशी दोन्ही बैल विकले, शेजारणीला घागरभर पाणी दिलं नाही, आणि घरातलं एकही माणूस मरू दिलं नाही. वर म्हणाल्या, "ह्यात काय अवघड हाय?" गीताबाईंचं उलटंच. बैल विकायचे की चारा छावणीत धाडायचे, असं विचारल्यावर त्या बोट वर धरून बसल्या. "मला न्हाई निवडायचं. जबरदस्ती हाय का?" वेळ संपली आणि गेमनंच त्यांचे बैल विकून टाकले. तेव्हापासून त्यांचा तुझ्यावर लई राग आहे. गावात आलास तर जपून.

चुका पण आहेत. छावणीत तुझे बैल एकटेच जातात. असं कधी असतं का? जनावराबरोबर घरातलं एक माणूस तिथंच जाऊन राहतं, तिथंच जेवतं, तिथंच झोपतं. सहकारी साखर कारखान्याचा चेअरमन तू काळा चष्मा लावून खदाखदा हसताना दाखवलास. मी दोन चेअरमन जवळून पाहिले, दोघांनाही हसू येत नव्हतं. आणि चार शेवटांपैकी तीन शेवटांत धाकटी मुलगी मरते. कावून रे? तापानं, सापानं, उसाच्या गाडीखाली. मला मारल्याशिवाय लोक रडत नाहीत का?

मी आडवळणानं चालले आहे, हे एव्हाना तुझ्या लक्षात आलं असेल. लहानपणीही डबा हरवला की मी आधी शाळेत दिवसभर काय काय झालं ते सगळं सांगायचे.

गेल्या मंगळवारी दुपारी मी खेळत होते आणि आई मागं येऊन बसली.

"ही बाई कोण गं?"

"गेममधली आई."

"पदर असा खोचत्यात व्हय? वाकलं की सुटंल."

तिला मजा वाटत होती. भाकरी थापताना त्या बाईचा हात उलटा फिरतो, तेही तिनं काढून दाखवलं. मग ऊसतोडीला माणसं नेणारा मुकादम दारात येतो ते दृश्य आलं. पुढचं तुलाच ठाऊक, तूच लिहिलं आहेस. तीन बटणं येतात: मुलाला शाळेतून काढ, मुलीला पाठव, कुणालाच पाठवू नको. मी तिसरं दाबलं. तरी त्या बाईनं मुलीला दंडाला धरून ट्रॉलीत बसवलं. मी मागं जाऊन पहिलं दाबलं. पुन्हा तेच. तेव्हा आई म्हणाली, "मी दाबू का?" तिनं स्वतः बोट ठेवलं, जपून, तापल्या तव्याला लावावं तसं. पडद्यावरच्या बाईनं पुन्हा पोरीला चढवलं. पोरगी रडत होती आणि त्या बाईनं तिच्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

आईनं बोट मागं घेतलं. मग म्हणाली, "लोक काय म्हणत्यात ह्या बाईला?"

मला खोटं बोलता आलं असतं. बोलले नाही. खेळणाऱ्यांची मतं मी तिला वाचून दाखवली. 'असली आई वैऱ्याला मिळू नये.' 'पुढच्या वेळी हिला विहिरीत ढकलायचं बटण द्या.' 'गेम एक नंबर, पण म्हातारीचा राग आला, तिच्या वाटचं पाणी बैलाला पाजलं.' एकानं विचारलं होतं, 'सगळीकडे निवड आहे, मग इथंच का फसवता?' त्याखाली तुझं उत्तर होतं. 'काही निर्णय आपल्या हातात नसतात. ते आई घेते. मी हे जवळून पाहिलं आहे.' त्याला बाराशे लाइकचे बदाम. आणि त्याच्याही खाली तुझी बातमी, की लोकांच्या मागणीवरून पाडव्याला नवी आवृत्ती येणार, आणि तिच्या शेवटी मोठा झालेला मुलगा गावी परत येईल तेव्हा दोन बटणं असतील: आईला माफ करा, किंवा करू नका.

"हे राधूनं लिवलंय?"

"हो."

"मग ऱ्हाऊ दे. त्याला काई सांगू नको. नाव व्हायलंय पोराचं." आणि ती उठून गाईला वैरण टाकायला गेली.

दादा, मी सांगणार आहे. तिनं नको म्हटलं तरी आणि तुला झोंबलं तरी.

तुझ्या गेममध्ये कोयता पिशवीत पडलेला असतो, कुत्र्यांना हाणायला. खेळणारे तुझ्याकडं आणखी मोठा कोयता मागतात. त्यांना कोण सांगणार, की मुकादमाच्या तोंडी कोयता म्हणजे हत्यार नाही, ऊस तोडणारी नवरा-बायकोची जोडी. एकटं माणूस म्हणजे अर्धा कोयता. हे तुला माहीत आहे, पण तू लिहिलं नाहीस. आणि आपल्या घराची सगळी गोष्ट त्या अर्ध्यावरच अडली होती.

२०१५ ची दिवाळी झाली होती. बाबा जाऊन वर्ष झालेलं, तू बीडला बारावीला, मी नववीत. त्रिंबक मुकादम दारात उभा राहिला आणि म्हणाला, "सुंदरबाई, अर्धा कोयता न्हाई जमत. सटवा बी एकलाच हाय. तुमचा दोघांचा मिळून एक धरतो." टोळीतला सटवा वाईट माणूस नव्हता. पण परक्या पुरुषाच्या जोडीनं सहा महिने उसाच्या एका फडात राबायचं आणि चार लोकांनी ते बघायचं. आई म्हणाली, "म्या येत न्हाई. हितंच काय बी करीन." हितं काय होतं? बोअर आटलेला, शेतात कुसळं, संस्थेला तेव्हा कुलूप. त्रिंबक वळला. तेव्हा दाराआडून मी म्हणाले, "आमचा एक कोयता धरा. आई आन मी."

आईनं माझ्या थोबाडीत दिली. उभ्या जन्मात एकदाच मारलं तिनं, ते त्या दिवशी. दोन दिवस घरात भांडण. तिनं हेडमास्तरांना बोलावून आणलं मला समजवायला, मी त्यांनाही बधले नाही. टोळी निघाली त्या सकाळी मी सगळ्यांच्या आधी जाऊन ट्रॉलीत बसले. आई खालून ओरडत होती, "उतर खाली, सत्ये! तंगडं मोडीन!" मी फळी घट्ट धरून बसले. ट्रॅक्टर सुरू झाला तेव्हा कुठं ती चढली, आणि चढल्यावर पहिल्यांदा माझ्या डोक्यावरचा रुमाल नीट बांधला.

ती मला घेऊन गेली नाही, दादा. मी तिला घेऊन गेले.

पंधरा वर्षांच्या पोरीला काय कळतं, असं तू म्हणशील. नव्हतंच कळत. पहिल्या आठवड्यात तळहात सोलले तेव्हा मी रोज पस्तावले. पण तो पस्तावाही माझाच होता. दुष्काळानं आपल्याला भाग पाडलं हे खरं, दुसरी वाट असती तर मी फडात कशाला गेले असते? पण ज्या दोन वाटा होत्या त्यांतली एक मी निवडली. हेडमास्तरांनी नाही, त्रिंबकनं नाही, आईनं तर नाहीच नाही.

आता जे टाळत होते ते.

फडावर तुझा फोन आला, त्रिंबकच्या मोबाइलवर. तू रडत होतास. विचारलंस, "कुणी नेलं तुला?" मी म्हणाले, "आईनं."

मी स्वतः आले म्हटलं असतं तर तू दुसऱ्या दिवशी पुस्तकं टाकून एस.टी.त बसला असतास, माझ्या हातातला कोयता घ्यायला. आईनं म्हटल्यावर तू नुसता चिडलास. चिडलेला माणूस अभ्यास करतो. आई शेजारीच मोळी बांधत होती, तिनं सगळं ऐकलं. मी फोन ठेवल्यावर म्हणाली, "बरं केलंस. परीक्षेपातुर पुरंल त्याला राग." तो राग आठ वर्षं पुरला. तू वर्षातून एकदा, भाऊबिजेला येतोस, तिची साडी माझ्या हातात देतोस आणि म्हणतोस, "तिला दे." ती तुझ्यासमोर बसलेली असते.

परीक्षा झाल्यावर मी का नाही सांगितलं? सांगायला हवं होतं. रोज उद्या म्हणत गेले. आणि खरं सांगू, मला ते गोड लागलं. तू माझे किती लाड केलेस! बाहेरून बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरून मी दहावी केली तेव्हा तू बीडहून पुस्तकं पाठवलीस, वर लिहिलंस, 'माझ्यासाठी वाया गेलेल्या माझ्या बहिणीस.' मी वाया गेले नव्हते, पण कुणी आपल्यासाठी एवढं हळहळतं हे बघायला बरं वाटतं. त्या सुखाचा भार आई वाहत होती आणि मी वाहू दिला. याची मला लाज वाटते. बाकी कशाचीच नाही.

म्हणून आता खेळणारी म्हणून माझं मत ऐक. ते माफीचं बटण काढून टाक. तिनं केलंच नाही त्याची माफी देणारे तुझे खेळणारे कोण, आणि तू तरी कोण? ट्रॉलीचं ते दृश्य मोडून पुन्हा लिही. बटणं मुलीच्या हातात दे. तिला ठरवू दे, खेळणाऱ्यांना तिच्या बाजूनं एकदा तरी बोट ठेवू दे. मग ती गेली तर गेली, राहिली तर राहिली. आणि तिला साप चावू देऊ नकोस. ती चांगली चोवीस वर्षांची झाली आहे आणि रोज दोनशे तीस लिटर दूध मोजून घेते.

पाडव्यापर्यंत बदललं नाहीस तर मी तुझ्या गेमखाली माझ्या नावागावासकट लिहीन की ती मुलगी मी आहे आणि मला कुणी बसवलं नव्हतं. तुझं नाव खराब होईल म्हणून मी गप्प बसेन, असं समजू नकोस. एका माणसाचं नाव आपण दोघांनी आठ वर्षं खराब केलं, आता तुझ्या साठ हजार खेळणाऱ्यांनी केलं.

खोटं बोलले म्हणून माझ्यावर चिडायचं तर खुशाल चीड. मी माफी मागत नाही. तुझी बारावी झाली, आईला परक्या माणसाची जोडीदार व्हावं लागलं नाही. तीच वेळ पुन्हा आली तर मी पुन्हा ट्रॉलीत चढेन. फक्त फोनवर खरं बोलेन, आणि तू पुस्तकं टाकून आलास तर तुला हाकलून देईन.

पाकीट चिकटवायच्या आधी मी आईला सांगितलं, काय लिहिलंय ते. ती भांडली. "झाकलेलं उघडं पाडतीस. कुणाचं भलं हाय त्यात?" मी म्हटलं, तुझं. मग ती उंबऱ्याशी जाऊन बसली आणि म्हणाली, "हे वाचून येईल का गं तो?"

दादा, तिला उत्तर हवं आहे. ते तू दे, आणि माझ्या हाती देऊन 'तिला दे' म्हणू नकोस.

कुणीही न पाठवलेली,
तुझी बहीण
सत्यभामा