काटेरी लगाम

मामाजी, तुमचा तो काटेरी लगाम अजून गोठ्यातल्या खुंटीवर लटकतो आहे. कामाचा म्हणून नाही. तुमची आठवण येऊन मन उगाच हळवं व्हायला लागलं, की मी त्याच्याकडे एकदा पाहते. लगेच ताळ्यावर येते.

मी सून होऊन आले तेव्हा तुम्हाला गावात घोड्यांचे जाणकार म्हणायचे. रिसोडपर्यंत कोणाच्याही दारात लग्न असलं की आपलीच घोडी जायची. बँडसमोर ती मान झटके, पुढचे पाय उचले, आणि लोक म्हणत, काय नाचते! ती नाचत नव्हती मामाजी. तोंडातल्या लोखंडी काट्यांपासून पळायला जागा शोधत होती बिचारी, आणि तुम्ही बाजूला उभे राहून फेटा सावरत होता, जशी काही मोठी विद्याच शिकवली तिला. घरी आल्यावर तिच्या ओठांचा गुलाबी फेस मी पदराने पुसत असे. एकदा न राहवून म्हटलं, "मामाजी, ह्या काट्यायनं तिचं तोंड सोलून राह्यलं." तुम्ही वसरीत बाजेवर होता, समोर पाहुणे. त्यांच्याकडे पाहून म्हणालात, "आमच्या घरी दोन घोड्या हायेत. एक गोठ्यात, एक चुलीपाशी. दोघीयचं तोंड खराब." पाहुणे हसले. मी कप उचलून आत गेले. तुमची एवढी एकच थट्टा मला आठवते. बाकी तुम्हाला थट्टासुद्धा धड येत नव्हती.

आता ऐका. तुमच्या नातवाने यंदा नवी घोडी आणली आहे. पांढरीशुभ्र, डोळ्यांनी गरीब, पण लगाम नुसता दाखवला की मान आभाळाला. हा लग्नाची सुपारी घेऊन बसलेला. म्हणतो, "आई, आज्याचा लगाम घालतो. तरी नाही ऐकलं, तं येत्या बाजारात विकून टाकतो." रक्त तुमचंच, दुसरं काय बोलणार? मी म्हटलं, "तिच्या तोंडात पाह्यलं काय कधी?" तर म्हणे, "तोंडात काय पाहाचं?" हे तुमच्या घराण्याचं ज्ञान. पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये जी मोकळी हिरडी असते, तिच्यावर लगाम बसतो. मी बोटाला गूळ लावून हळूच तिथे चाचपलं, तर जुन्या जखमेची टणक गाठ लागली. तुमच्यासारख्याच कोण्या जाणकाराची करामत.

मग मी शोधायला लागले. आधी बारीक सळीचा लगाम आणला, वाटलं हलका पडेल. तो दोरीसारखा रुतला. मग मधे जोड असलेला आणला. तो ओढला की सांधा वर उठून टाळूला लागे. घोडी मागे सरे आणि पोरगा खुंटीकडे पाही. शेवटी लोहाराकडे गेले आणि अंगठ्याएवढी जाड, गुळगुळीत दांडी करून घेतली, जिभेला जागा राहावी म्हणून मधे जराशी कमानदार. वरून मऊ चामडं शिवलं. लोहार हसत होता. "काकू, घोडीसाठी करून राह्यल्या, का लेकराले चोखाले?" मी म्हटलं, "आन, पहिले तुह्या तोंडात घालू. टोचते का सांग." तो काही तोंड उघडेना. मग मीच दातात धरून पाहिली. कुठे टोचली नाही. घरी आणून चामड्याला गूळ लावला, आणि घोडीने हुंगून, चाटून, आपण होऊन तोंड उघडलं.

लग्न रिसोडलाच होतं. मी मुद्दाम सोबत चालले. बँडचा आवाज कानाचे पडदे फाडत होता आणि घोडी आपली चघळत, पाय मोजल्यासारखी चालली होती. बँडवाला वैतागला. "मावशी, घोडी नाचून काहून नाही राह्यली?"

"तू नाच ना. तुले कोनं धरलं?"

वर नवरदेव खोगीर घट्ट धरून बसला होता. खाली वाकून हळूच म्हणतो, "राहू द्या मावशी, असंच बरं हाय." तुमचा नातू हातातली लगामाची दोरी सैल सोडून चालत होता, माझ्याकडे न पाहता.

घरी येऊन त्याने लगाम काढला आणि घोडीच्या मानेवर थाप मारली. "राहू दे इले. नाही विकत." एवढंच बोलून आत गेला. चूक झाली म्हणायला तुमच्या घरात अजून कोणाची जीभ वळत नाही.

तुम्हाला वाचता येत नव्हतं, मीही अक्षरं तुमच्या माघारी गिरवली, तेव्हा हा कागद कुठे जाणार नाही हे मला ठाऊक आहे. म्हणूनच लिहिते. त्या दिवशी मी घोडीचे ओठ पुसले. फेस पांढरा होता, दुधासारखा. तो तसाच पदरावर घेऊन मी वळले, ती वसरीकडे, जिथे तुमची बाज असायची. तुम्हाला दाखवायला.