अळणी हुलगे

नेकनूर, १४ डिसेंबर २०२४, दुपारी बारा वाजून दहा मिनिटे. हुलगे चुलीवरून उतरवून लिहितो आहे.

तीर्थरूप आईस,

सकाळी तुझा फोन आला. "भिजवलेले हुलगे शिजव. मीठ घालू नको. दुपारी जेवायला येते." ऊसतोड सोडून तू येणार, म्हणून मी आनंदाने ऐकलं. अळणी जेवण भुताला ठेवतात, हे तेव्हा सुचलं नाही.

आत्ता तू मामाच्या फोनवरून बोललीस. "आरं, माझा फोन परवाच कालव्यात पडला. मी कर्नाटकातच हाय. तू कुणासंगं बोललास?" तेवढ्यात माझा फोन बंद पडला.

दाराबाहेर तुझाच आवाज आहे. "तान्या, उघड की. लई भूक लागलीय."

मी हुलग्यांत मूठभर मीठ टाकलं.

आता आवाज म्हणतो, "राहू दे हुलगे. तूच ये बाहेर."

अजून घरातच असलेला,
तुझा तानाजी