ओल्या लोकरीचं वजन

प्रिय शिवहार,

परवा फोनवर तू बोलत राहिलास आणि मी ऐकत राहिले, म्हणून हे कागदावर लिहिते आहे. तुमच्या पलटणीच्या चिलखती गाड्या पाण्यातून तरंगत जायच्या होत्या आणि त्या प्रात्यक्षिकात सगळ्यांत पुढची गाडी तुझी असणार होती. ते ऐनवेळी थांबवलं, आणि आता बाजूच्या नव्या चिलखती प्लेटा उतरवल्याशिवाय एकही गाडी पाण्यात जाणार नाही, हे तू मला पुन्हा पुन्हा सांगितलंस. "कोण्या ऑफिसातल्या शहाण्यानं काडी केली, तो घावला तर त्यालाच गाडीत बसवून पाण्यात घालतो," असंही म्हणालास. मी नुसतं "हं" केलं. तुला वाटलं मला झोप आली.

गावात ही बातमी अजून पोचलेली नाही. रविवारी मी सेनगावच्या स्टँडवर उतरले तेव्हा ज्ञानबाकाका टपरीवर बसून सगळ्यांना आपल्या लेकाचं, तुझं, कौतुक सांगत होते. "आमचं पोरगं लोखंड तरंगवून राहिलं, लोखंड!" कुणीतरी विचारलं, "काहून? तिकडं पूल न्हाई का?" काका म्हणाले, "पूल दुश्मन आधी पाडतो, बाबा. तू चहा पी." मला पाहिल्यावर त्यांनी माझ्या देखतच सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. तुझ्या घरी पंचफुलाकाकूंनी ज्वारीचं पीठ बांधून दिलं आणि म्हणाल्या, "तुजं ऐकंल तो. जरा हळू चालवत जा म्हनावं." दिवाळीनंतर नरसीला दोन्हीकडची माणसं बसणार आहेत, आपल्या लग्नाची तारीख काढायला. मी मान हलवली. तुझं प्रात्यक्षिक थांबलंय हे मात्र मी त्यांना सांगितलं नाही.

माझ्या कामाबद्दल तू कधी नीट विचारलं नाहीस, मीही सांगितलं नाही. तुमच्या गाड्या माझ्या जन्माआधीच्या आहेत. त्यांना नवं इंजिन, अंधारात पाहणारी दुर्बीण आणि बाजूला जाड प्लेटा बसवण्याचं काम आमच्या ऑफिसकडं आहे, आणि त्यात माझ्याकडं वजनाचा हिशोब. प्रत्येक विभागाचा माणूस येऊन म्हणतो, "मॅडम, एवढंसं तर आहे." त्या सगळ्या 'एवढ्याशा'ची बेरीज मी करते. जमिनीवर त्या प्लेटा माणूस वाचवतात. पाण्यात त्याच प्लेटा गाडीला खाली ओढतात. बेरीज कागदावर बसत होती, अगदी काठावर. आकडे लिहीत नाही, ते लिहायचे नसतात.

उन्हाळ्यात तू एक फोटो पाठवला होतास. गाडीवर बसून हसतोयस. मी आधी तुला पाहिलं, मग तुझ्या मागं पाहिलं. लोखंडी पेटी, गुंडाळलेल्या वळकट्या, स्टोव्ह आणि गाडीच्या नाकावर आडोशाला तुम्हीच रचलेली वाळूची पोती. मी फोनवर म्हणाले, हा काय संसार मांडलाय? तू म्हणालास, "घर हाय ते आमचं. दहा मिनिटं पाण्यात जायला घर कोन रिकामं करतंय? समदेच असं ठेवतेत." आमच्या बेरजेत तुम्ही सगळे होतात, तुमच्या बंदुकाही होत्या. तुमचं घर नव्हतं.

तुला कयाधू नदीच्या डोहाची ती सकाळ आठवते का? कातरणी करणारे त्या वर्षी उशिरा आले आणि अलीकडचा चारा संपत आला, म्हणून काकांनी न कातरलेलीच मेंढरं पाण्यात घातली. सुरुवातीला ती किती छान तरंगली! कोरड्या लोकरीत हवा असते, ती अंग वर धरते. काका हसत होते, आपण दोघं टाळ्या वाजवत होतो. डोहाच्या मध्यावर गेल्यावर लोकर भिजली आणि कपाळावर पांढरा ठिपका असलेली तुझी मेंढी टिकली पुढं होती, ती आधी खाली गेली. तिच्या मागून येणारी थांबली नाहीत. पुढची उतरली की मागची उतरतात. तू अंगरखा माझ्याकडं फेकून उडी मारलीस. टिकलीला कानाला धरून ओढून आणलंस, बाकीची गेली. मी तुझा अंगरखा धरून काठावर उभी होते. मला पोहता येत नव्हतं. त्या दिवसापासून तू पाण्याला भ्यायचं सोडलंस आणि मला वजनाची सवय लागली.

आता ज्यासाठी पत्र लिहिलं ते. ती काडी मी केली. आमच्या साहेबांच्या खोलीत वजनकाटा नेऊन मी त्यावर वाळूचं एक कोरडं पोतं ठेवलं, मग एक भिजवलेलं. एक कोरडी वळकटी, मग एक ओली. नंतर फार बोलावं लागलं नाही. तुझा फोटो मी कुणाला दाखवला नाही, तुझं नाव घेतलं नाही. पुढच्या गाडीत तू आहेस हे मला माहीत होतं, पण दुसरा कुणी असता तरी मी हेच केलं असतं. तुझा मान गेला, काकांनी टपरीवर सांगितलेलं खोटं पडेल, याचं मला वाईट वाटतं. थांबवल्याचं वाटत नाही. पुन्हा वेळ आली तर पुन्हा थांबवीन. नरसीला माणसं बसण्याआधी तुला हे माहीत असावं आणि माझ्याकडूनच कळावं. राहिलं तुझं बोलणं. शहाण्याला गाडीत बसवायचं आहे ना? आता पाण्यात जी नवी चाचणी होईल तिला मी येते आहे, परवानगी मिळाली आहे. प्लेटा उतरव, घर रिकामं कर. मी मागच्या बाकावर बसेन. पोहता मला अजून येत नाही.

हे वाचूनही तुला हवं असेल तर,
तुझीच,
मोहिनी