सुरमई बाहेर बसली ते चार दिवस

गुरु. ६ फेब्रु.
मनवा कॉलेजच्या कॅम्पला गेली. मंगळवारी येणार. नात माझी, अकरावीत आहे, पण जाताना सूचना अशा की जणू मीच अकरावीत. सुरमईला हे दे, ते देऊ नकोस, दार लाव. पुढच्या आठवड्यात डॉ.कडे नेऊन ऑपरेशन ठरवायचंय, पिल्लं होऊ नयेत म्हणून. तोवर मांजर घराबाहेर जाता कामा नये. "आणि आजी, वेगळी वागायला लागली तर लगेच फोन." वेगळी म्हणजे कशी ते विचारायचं राहिलं, खाली टॅक्सी हॉर्न मारत होती.

सुरमई आज फार लाडात. सिलिंडरला अंग घासते, माझ्या पायाला घासते, पोळ्या लाटताना कोपराला डोकं मारते. सहा महिन्यांची, टिकलीएवढी, रंगाने राखाडी, म्हणून नाव सुरमई. मासळीवाली चाळीत येऊन "सुरमई घ्या!" ओरडली की ही पळत दारात. हसून हसून माझं पोट दुखतं. शेजारची घाडीबाई म्हणते, "नातीपेक्षा ह्या मांजराचे लाड जास्त करतंस गो." करते. तुझं काय जातं?

शुक्र. ७
सकाळपासून रडते. आवाज मांजराचा नाहीच, तान्हं पोर घसा ओढून रडावं तसा. लादीवर लोळते, ह्या कुशीवरून त्या कुशीवर. बांगडा दिला तर वास घेऊन निघून गेली. बांगडा! मग माझ्या लक्षात आलं, पोट दुखतंय. बेंबीला हिंग लावायला गेले. मांजराला बेंबी कुठे असते देव जाणे, सगळ्या पोटालाच लावला. चाटून चाटून शिंकली. मग मीठ-मिरच्या ओवाळून दृष्ट काढली, घाडीबाईची नजर बरी नाहीच. घरभर मिरच्यांचा खाट उठला, मी खोकून बेजार, ही रडतेच.

संध्याकाळी पाठीवरून हात फिरवला तर... शी! लिहायलाही नको. पुढून दबली, मागून वर उचलली, शेपूट बाजूला, आणि मागचे पाय जागच्या जागी तुडवते. देव्हाऱ्यासमोर. हात माझा, बघतेही माझ्याकडेच. दोनदा साबणाने धुतला हात, तरी जेवताना आठवलं.

शनि. ८
सारखी स्वतःची मागची बाजू चाटते. पायपुसण्यावर मुतली. फोडणीत लसूण घातला तरी तोच वास नाकात.

कळलं मला. बाहेरची झाली. पूर्ण लिहवत नाही, नुसतं 'बा.' लिहिते, कॅलेंडरवर वैशालीच्या तारखांना लिहायचे तसं. वैशाली म्हणजे सून. जुनं फडकं लावून बघितलं, रक्त नाही. पण एवढी चाटते तर राहणार कुठून.

मनवाला फोन केला नाही. बाजूला कॉलेजची पोरं असतील, असलं काय बोलायचं.

माळ्यावरचं गोणपाट काढलं, गॅलरीत टाकलं. वेगळी ताटली. गळ्यात पट्टा, पट्ट्याची दोरी कठड्याला. चार दिवस. एका खोलीत देव आणि ती, नको. घराबाहेर जाऊ देऊ नकोस म्हणालेली मनवा, पण गॅलरी म्हणजे घरच. आणि बांधलेली आहे.

वैशाली कामावरून आली. चप्पल काढता काढता थांबली, गोणपाटाकडे बघत राहिली. "मांजरालापण?" एवढंच बोलली. चहा न घेता आंघोळीला गेली.

वैशाली पण तिथेच बसायची, ह्याच गोणपाटावर. मनवा मोठी झाली तेव्हा म्हणाली, आई, माझी मुलगी बाहेर बसणार नाही, आणि आता मीही बसणार नाही. तेव्हापासून बंद. गोणपाट ठेवून दिलं होतं मी. चांगलं होतं, फाटलेलं नव्हतं.

रवि. ९
बोका आला. मटणवाल्याच्या फळीखाली असतो तो पिवळा. डोकं नारळाएवढं, एक कान तुटका, नाकावर खपली, डोळ्यात चिपाडं. तीन माळे चढून आला मेला. कठड्यावर बसून हिच्याकडे बघतो आणि घशात काहीतरी घोळवतो. केरसुणी दाखवली. उठला, तुळशीकडे पाठ केली, शेपूट थरथरवली आणि पिचकारी. तुळशीवर! कुजलेली कोलंबी आणि घासलेट एकत्र केलं तर असा वास येईल. ऊन चढलं तसा वासही चढला. फिनेलने तीनदा पुसलं. ओकारी आली, खरंच आली.

घाडीबाईच्या चपलेवर पण उडवून गेला. ती कमरेवर हात ठेवून उभी. "तुझ्या मांजरीपायी माझ्या दारात घाण! आत घे नायतर सोड एकदाची."
"चार दिवस होऊ दे."
"कसले चार दिवस?"
सांगितलं. तीही म्हणाली, मग बरोबर आहे, बाहेरच ठेव.

सोम. १०
डाळ उतू जात होती म्हणून आत गेले. पाच मिनिटं. किंकाळी ऐकली तर पिवळ्याने हिची मान दातात धरलेली. केरसुणी घातली त्याच्या पाठीत. सुटला, आणि हिने उलट त्यालाच पंजा मारला. मग लोळली. मग चाटत बसली, काही झालंच नाही अशी.

मानेवरचे केस त्याच्या थुंकीने चिकट. पदराने पुसले. साडी बादलीत टाकली आहे, हात लावायलाही किळस येते.

झालं का? का मी वेळेत पोचले? बघवलं नाही म्हणून नीट बघितलंच नाही.

कोणाला सांगणार नाही.

मंगळ. ११
चौथा दिवस. डोक्यावरून न्हाऊ घातलं. माझ्या हातांवर सात ओरखडे.

मनवा आली. "आजी, ही ओली का? आणि हिला हिंगाचा वास का येतोय?" हिंग, दृष्ट, बाहेरची झाली ते सांगितलं. पोरगी बॅगेसकट खालीच बसली.
"आजी, मांजरींना पाळी येत नाही."
"मग ते लोळणं, रडणं?"
"अगं, हीटवर आली होती ती! म्हणून तर म्हटलं ना फोन कर!"
गॅलरीत बांधली होती म्हटल्यावर उठून हिच्या गळ्यातला पट्टा काढला. पिवळ्याचं मी सांगितलं नाही. 

गुरु. १३
डॉ.कडे. तरुण बाई आहे, हात हलका. म्हणाली, "आजी, ही माजावर होती. रक्त यात जातच नाही. कधी दिसलं तर ते दुखणं समजा, लगेच घेऊन या."

माज! गावी म्हैस ओरडायला लागली की आठ वर्षांची मी ओळखायचे आणि बाबांना जाऊन सांगायचे. गोठ्यात असती तर हिलाही ओळखलं असतं. माझ्या चादरीत झोपते म्हणून पोर धरून बसले.

डॉ.ने विचारलं, "बोका जवळ आला होता का?" मनवा म्हणाली, नाही. मी म्हणाले, आला होता. मानेला धरलं होतं.

डॉ. म्हणाली, अठ्ठावीसला या. तोवर माज उतरेल, आत्ता गर्भपिशवीला रक्तपुरवठा जास्त असतो. आधी सोनोग्राफी करू. पिल्लं असली तरी ऑपरेशन होतं, पिशवीबरोबर जातात. नाहीतर होऊ द्यायची. तुम्ही ठरवा.

"आजी ठरवेल," मनवा म्हणाली. "तिनेच बसवलं ना बाहेर."



शुक्र. २८
सकाळपासून उपाशी ठेवली आहे, ऑपरेशनआधी खायचं नसतं. पायात पायात येते. मी पण चहा घेतला नाही. पोटाला हात लावून बघते, गरम आहे, पण ते आधीही होतं. आत काही असेल तर त्या पिवळ्याचं. तसलीच डोकी, तसलीच चिपाडं. किळस वाटते, आणि मग वाटतं त्या पिल्लांनी माझं काय केलं. हिने तरी काय केलं.

गोणपाट कचऱ्यात टाकायला निघाले. वैशालीने दारात अडवलं. "द्या इकडे." मला वाटलं फाडेल. तिने घडी घातली, मांजराच्या टोपलीत तळाला अंथरलं.
"तिला त्याची सवय झालीय, आई."
मी म्हटलं, चार दिवसांत?
"मला झाली होती."

सुरमई आपणहून टोपलीत जाऊन बसली. वैशालीने झाकण लावलं आणि टोपली माझ्या हातात दिली. हलकी आहे. काय सांगू डॉ.ला, अजून ठरत नाही. खाली टॅक्सी आली, मनवा हाका मारते आहे