मास्तरांची राखण

बाबा,

तुमच्या मते हे पत्र लिहिणंच चूक आहे. चर्चच्या रविवारच्या शब्बाथ शाळेत शौल राजाची गोष्ट आली की तुमचा आवाज खाली यायचा. मेलेल्यांना विचारणाऱ्या लोकांना ज्याने स्वतः देशातून हाकललं, तोच राजा घाबरला तेव्हा वेष पालटून तसल्याच एका बाईच्या दारात उभा राहिला, आणि तिने कबरीतून वर बोलावलेला म्हातारा संदेष्टा त्याच्यावर वैतागला, की मला उठवलंस कशाला? "बघा," तुम्ही म्हणायचात, "मेलेल्या माणसालासुद्धा कंटाळा आला. त्याला निजू द्यावं. सांगायचं असेल ते प्रभूला सांगा, पुढे पोचवायचं की नाही ते तो बघेल." पुढे चिपळूणला नोकरीत असताना मीही दर रविवारी मुलांना हेच शिकवत आले, जवळजवळ तुमच्याच शब्दांत. आणि आता निवृत्त होऊन तुमच्याच ओटीवर, तुमच्याच खुर्चीत बसून तुम्हांला लिहिते आहे. प्रभूला आधी सांगून झालं आहे. त्याच्याकडून अजून काही कळलेलं नाही, आणि मला तुमच्याइतका धीर कधीच नव्हता.

विषय आपल्या आंब्याच्या कलमबागेतल्या दगडाचा आहे. बाग घेतली तेव्हापासून तो कुंपणाच्या दगडी गडग्याच्या कोपऱ्यात आहे, जांभ्याचा, गुडघ्याएवढा, राखणदाराचा म्हणून शेजारचे त्याला वर्षातून एकदा, भात घरात आलं की, राखण म्हणून कोंबडा देत. चर्चच्या मंडळीतल्या तरुणांनी तो उपटून खाडीत टाकायचं ठरवलं होतं, पहारी घेऊनच आले होते. तुम्ही त्यांना आधी चहा पाजलात. मग म्हणालात, "मूर्ती म्हणजे काहीच नाही, असं पौल प्रेषित सांगतो ना? मग जे काहीच नाही ते उपटायला पहार कशाला लागते?" ते हिरमुसून गेले. तुमच्या या बोलण्याचा मला फार अभिमान वाटायचा. तुम्ही दगड राखलात, असा त्याचा उलटा अर्थ कुणी काढील असं तेव्हा तुमच्या मनात आलं असेल का, हे आता विचारावंसं वाटतं.

त्याच वर्षीची गोष्ट असेल. शेजारच्या म्हातारीने कोंबड्याच्या सागोतीचं वाडगं आणून दिलं आणि आईच्या हातात देताना चांगलं ठणकावून सांगितलं, "राकणीचा हाय हां." तुम्ही जेवायला बसलेला होतात. पुढ्यात येईल ते न विचारता खा, पण कुणी म्हणालं की हे वाहिलेलं आहे तर त्याच्या मनासाठी खाऊ नका, हा पौलाचा नियम तुम्ही आम्हांला हजारदा सांगितलेला. तुम्ही उठलात, हात धुतलेत आणि ते वाडगं स्वतः परत नेऊन दिलंत, "आजी, वास झकास आहे, पण आम्हांला चालत नाही," असं हात जोडून सांगत. इकडे मी चुलीमागे उभी, तोंडात तुकडा. परत आल्यावर तुमच्या ते लगेच लक्षात आलं. मला वाटलं आता पाठीत धपाटा बसतो. तुम्ही विचारलंत, "ती काय म्हणाली ते तू ऐकलंस?" मी मान हलवली, नाही. "मग तुझ्या विवेकाला त्रास नाही. तिखट होतं का?" आई तोंडाला पदर लावून हसत होती. शास्त्र जगायचं कसं, हे मी त्या चुलीमागे शिकले, चर्चच्या बाकावर नाही.

गेल्या पावसाळ्यानंतर मी घर उघडलं. तुम्ही गेल्यापासून इतकी वर्षं बंद घर, वर्षातून एखाददुसरी फेरी, मला वाटलं होतं बागेचं रान झालं असेल. आसपासच्या सगळ्या बागांत माकडांनी नुसता उच्छाद मांडलाय. फटाके, जाळ्या, कुत्रे, सगळं करून लोकांनी हात टेकलेत. आपल्या बागेत एक माकड नाही. पलीकडच्या फणसावर टोळी बसलेली असते, गडग्यापर्यंत येतात आणि तिथून मागे वळतात. मी देवाचे आभार मानले. कुणाचे मानायला हवे होते, ते मला मग कळलं.

तिन्हीसांजेला तो आवाज येतो. पहिल्यांदा आला तेव्हा मी दिवा लावत होते. कातळावर काठी टेकत कुणी चालत होतं, वरच्या कलमांपासून खाली विहिरीकडे, सावकाश, मध्ये थांबून. मग खोकला, आधी कोरडा, मग घसा साफ केल्यासारखा. बाबा, मी "आले हं" म्हणून चहा ठेवायला वळले. वळले आणि मग आठवलं, तुम्ही गेलात त्याला किती वर्षं झाली. तुमची काठी दाराआड उभी आहे. मी जाऊन बघितली. मुठीपासून भिंतीपर्यंत कोळ्याने जाळं विणलेलं, एक धागा तुटलेला नाही. म्हणजे ती काठी कुठे जात नाही, एवढं तरी नक्की. मग कातळावर काय वाजतं?

चार दिवस मी कानाशी वाद घातला. मग शेजारी गेले. म्हातारी कधीच गेली, आता तिची सून घर बघते, माझ्याहून थोडी लहान. ती भात पाखडत होती. मी आडून आडून विचारलं, संध्याकाळी बागेत कोणी फिरतं का? तिने सूप खाली ठेवलं नाही.

"मास्तर हायत ना," ती म्हणाली.

"कोण मास्तर?"

"अवो ताय, तुमचे बाबा. आदीचा राकणदार गेला. आता मास्तर हायत."

"गेला म्हणजे कुठे गेला?"

"त्येचा आमाला काय म्हाईत? बदली झाली आसंल."

मला हसू फुटायला हवं होतं. तुम्हांला फुटलं असतं. मी विचारलं, ते बाबाच कशावरून, तुम्हांला कोणी सांगितलं? तर म्हणाली, "कोन कशाला सांगंल? खोकला वळाकत नाय काय आमी? आनि म्हातारी म्हनायची, हा मानूस कुनाचा कायपन घेत नवता. आसा मानूसच राकतो." मग माझं तोंड बघून तिने घाईघाईने भर घातली, जणू मी नाराज झाले ती व्यवस्थेत काही कमी पडलं म्हणून. "दारू नाय हां देत आमी. जुन्याला लागायची. मास्तर पेत नवते. कुंकू पन नाय लावत. मेनबत्ती लावतो. तुमच्यात मेनबत्ती लागते ना?"

मेणबत्ती, बाबा. तुमच्यासाठी. तुम्ही जन्मभर ज्या दगडापुढे वाकला नाहीत त्याच्यात तुम्हांला बसवलं आहे, आणि तेही तुमचा धर्म सांभाळून.

राखणीचा दिवस आला तसं वाडगं आलं. "मास्तरांचा हाय," ती म्हणाली, सासूसारखीच स्पष्ट. पौलाचा नियम मला पाठ आहे. पण वाहिलेलं जर स्वतःच्या बापाला वाहिलेलं असेल तर काय करावं, हे त्याने कुठे लिहून ठेवलेलं नाही. मी वाडगं परत दिलं, हात जोडून, वास झकास आहे असंही म्हटलं. तिचे डोळे भरून आले. ती म्हणाली, "मास्तर पन आसाच परत द्यायचे." तिला त्यात खूणच पटली. माझ्या नाही म्हणण्याने तिची श्रद्धा पक्की झाली. घरी येऊन मी भिंतीला टेकून बसले आणि मला तुमचा राग आला, खूप राग आला, मेलेल्या माणसाने इतकं चांगलं असू नये.

आपल्या चर्चचे पाळकसाहेब तरुण आहेत, पुण्याहून शिकून आलेले, मनाने चांगले. त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "ताई, सैतान प्रकाशाच्या दूताचं सोंग घेतो, त्याला मास्तरांचं सोंग जड आहे का? दगड काढू या. त्या बाईंना नीट समजावून सांगू या." त्यांचं बरोबर होतं. जे प्रभूमध्ये निजले ते निजलेले आहेत, ते कोंबड्याच्या बदल्यात माकडं हाकत फिरत नाहीत. तुमची कबर गावात आईशेजारी आहे, तिथे सारं शांत आहे. आईने मेल्यावर कधी एक भांडं वाजवलेलं नाही. तिला बिचारीला तिथे तरी विश्रांती हवी असेल. पण मी पाळकांना म्हटलं, शास्त्र आत्म्यांची परीक्षा करायला सांगतं, परीक्षेआधी निकाल लावायला सांगत नाही. मला थोडे दिवस द्या. ते म्हणाले, द्या काय, घ्या. पण तुम्ही त्याच्याशी बोलू नका, फक्त वचन उच्चारा. वचनापुढे खोटं टिकत नाही.

दिवस कशाला हवे होते, ते मी त्यांना सांगितलं नाही. तुम्हांला सांगते. मी त्या आवाजाची वाट बघायला लागले होते. दुपार सरली की माझं लक्ष वरच्या कलमांकडे जायचं. एखाद्या दिवशी उशीर झाला की मी चिडायचे. दोन कप चहा ठेवायचे आणि दोन्ही मीच प्यायचे. हे तुम्ही नसाल, तर एक परका, ज्याचं नाव घ्यायचं धाडस होत नाही असा कोणी माझ्या अंगणात फिरतो आणि मला त्याची सवय झाली आहे. आणि हे तुम्ही असाल, तर तुम्हांला विश्रांती मिळालेली नाही, आणि मी इतक्या मुलांना, त्यांच्या आजीआजोबांच्या कबरींपाशी उभं राहून, जे सांगितलं ते खोटं होतं. दोन्हींतलं मला काय हवं होतं, हे देवाला माहीत आहे. त्याने ते मला विचारू नये एवढीच माझी प्रार्थना होती.

मग मला आपला उंबऱ्याचा खेळ आठवला. शाळेतून तुम्ही यायचात, आम्ही आतून दार धरून बायबलातल्या एखाद्या वचनाचा पहिला अर्धा म्हणायचो, आणि तुम्ही उरलेला म्हटल्याशिवाय आत यायचं नाही. पावसात भिजत उभे राहायचात, पण वचन पुरं करायचात. त्यात कोणाला सोंग करता येणार नाही, मला वाटलं.

काल संध्याकाळी मी दार आतून धरून उभी राहिले. उजेड पार गेलेला नव्हता. विहिरीवरच्या चिकूवर वटवाघळं उतरायला लागली होती. काठी वरून आली, थांबली, पुन्हा चालायला लागली, आणि या वेळी विहिरीकडे न वळता अंगणात आली. खोकला दाराच्या अगदी पलीकडे झाला. मी वचनाचा पहिला अर्धा म्हटला. माझा आवाज लहान मुलीसारखा निघाला. बाहेर सगळं थांबलं, रातकिडेसुद्धा. कोणीतरी श्वास धरून उभं आहे हे लाकडातून कळत होतं. किती वेळ ते सांगता येणार नाही, माझ्या पायांना मुंग्या आल्या होत्या. उत्तर आलं नाही. मग काठी वळली आणि खाडीच्या बाजूला उतरत गेली.

आज सकाळी मी पाळकांना फोन करून सांगितलं, परीक्षा झाली, उत्तर आलं नाही. त्यांनी फोनवरच देवाची स्तुती केली. रविवारी उपासनेनंतर तरुण मंडळी पहारी घेऊन येतील. शेजारच्या बाईलाही मी जाऊन सांगितलं, की ते आमचे बाबा नव्हेत. ती भांडली नाही. "बरा," म्हणाली, आणि मी निघाले तशी मागून, "त्येंना कुनी सांगितलाय काय, जा म्हनून? नायतर उगाच फिरत ऱ्हातील."

हे पत्र पाठवायचं तर एकच जागा आहे, दगडाचा तो कोपरा, आणि तिथे ठेवलं तर तीही राखणच झाली. म्हणून चुलीत घालीन. पण त्याआधी एक. मी म्हटलं ते वचन लेवीयाच्या पुस्तकातलं होतं, अशुद्ध पक्ष्यांच्या यादीतलं. तेच एक तुम्हांला कधी पुरं करता आलं नाही. त्यातले पुढचे पक्षी तुम्ही पाहिलेले नव्हते, आणि माहीत नाही ते देवाच्या नावाने बोलायचं नाही म्हणून तुम्ही दरवेळी तिथे गप्प उभे राहायचात. मग आई चुलीपुढून उरलेलं म्हणायची आणि आम्ही दार उघडायचो. काल बाहेरचं जे कोण तेही अगदी तिथेच, तुमच्यासारखंच गप्प उभं राहिलं. उरलेलं मला पाठ आहे, बाबा. मी कडीवर हात ठेवून उभी होते, आणि ते म्हटलं नाही.