साखरेच्या खड्यांची रांग

मेहॉ क्रीक, फ्लोरिडा
४ ऑगस्ट

ती. आयडेलाताईस,
ऑल्टनचा सा. न. वि. वि.

तुझा नासपतीचा मुरंबा पोचला. अर्धी बरणी कोरालीनेच फस्त केली. तिचे रक्ताच्या कर्करोगावरचे उपचार संपले, माझ्या नातीचे केस बोटभर वाढलेत. गोवराची लस मात्र तिला इतक्यात देता येत नाही. वर्गातल्या इतरांनी घेतली असेल तरच शाळेत पाठवा, असं डॉक्टर म्हणतात. आणि नेमकी यंदाच राज्याने शाळेतल्या लशींची सक्ती उठवली! काहींनी मुलांना टोचलंच नाही. काही धास्तावून मुलांना घरीच शिकवणार आहेत. पट घटला की सरकारी पैसा घटतो. पहिलीची एक तुकडी बंद होणार म्हणे.

गेल्या आठवड्यात शाळेच्या सभेत बोलायला उठलो आणि भरात चौथीतली नदीची कविताच म्हणू लागलो. आपल्या जुळ्या पोरांना न टोचणारा शेजारचा ड्युई पिटमन ओरडला, म्हाताऱ्या, कविता संपली असेल तर खाली बस. मीही त्याला अडाणी म्हणालो. तेव्हापासून त्याच्याकडच्या उकडलेल्या शेंगा बंद. कोराली रोज दप्तर लावून ओसरीवर बसते.

तुझ्या मायेचा भुकेला,
ऑल्टन

थॉमसव्हिल, जॉर्जिया
९ ऑगस्ट

चि. ऑल्टन यास,
अनेक आशीर्वाद.

अरे वेड्या, अडाणी म्हटल्यावर कोण ऐकून घेईल? साखरेच्या खड्यांचा तो रविवार आठवतो? खड्यावर पोलिओच्या लशीचा गुलाबी थेंब होता, आणि तू माझा झगा धरून भोकाड पसरलं होतंस. मला तर पोलिओ होऊन गेलेला, पायाला लोखंडी पट्ट्या. तरी आईने मलाच पुढे उभं केलं आणि कुणाशी चकार शब्द बोलली नाही. पट्ट्या वाजल्या की पुरुषमंडळी टोप्या काढत. रांग पार रस्त्यापर्यंत गेली होती. तेव्हा कुणी कायदा दाखवला नव्हता रे!

शाळा उघडण्याआधी पालक बाईंना भेटायला येतात, त्या संध्याकाळी नर्सबाईंना लशींचं टेबल मांडायला सांग. माझी धनुर्वाताची सुई राहिलीय, ती तिथेच घेईन. ड्युईकडे जा, चुकलो म्हण. आणि कविता खिशातच ठेव.

कोरालीला पापा. मला गाडीतून उतरवायला ये म्हणजे झालं.
तुझी,
आयडेला

मेहॉ क्रीक
१२ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

त्या संध्याकाळी तू दाराकडे पाठ करून, काठीवर भार देऊन, टेबलापुढे एकटीच उभी होतीस. मागे काय घडलं ते तुला दिसलं नाही, म्हणून सांगतो. आधी सगळे भिंतीला टेकून उभे. मग ड्युईने टोपी काढली आणि जुळ्यांना घेऊन तुझ्या मागे आला. माझ्याकडे न बघता म्हणाला, राग सक्तीचा होता, सुईचा नव्हता. मग आणखी एक घर आलं, मग आणखी. ताई, मला पुन्हा तुझा झगा धरावासा वाटला. एवढी माणसं, कुणी न बोलावता, एका पोरीसाठी! मला कविता आठवेना.

एक घर अजून अडून आहे, ते पोर दुसऱ्या तुकडीत. घाबरलेले बरेचसे परतले, त्यामुळे दोन्ही तुकड्या राहिल्या. मुलांचा दुसरा डोसही झाला आणि कोरालीच्या डॉक्टरांनी मान डोलावली.

आज घंटा झाली तेव्हा मी फाटकाशी होतो. पहिलीची रांग आत निघाली. सगळ्या पाठींवर दप्तरं, सगळ्यांची ढकलाढकली. त्यात आपली कोराली कुठली, ते मला ओळखूच आलं नाही.

शेंगा पुन्हा सुरू झाल्यात, तुझा वाटा काढून ठेवलाय. आहे तशीच माया राहू दे.
तुझा,
ऑल्टन