भरल्याशिवाय न सुटणारी जीप

दादा, तुम्ही लावून दिलेला नंबर स्टँडवर अजून चालतो. पहिली जीप भरून सुटल्याशिवाय दुसरीत कुणी बसायचं नाही. बोरीच्या कॉलेजात शिकवायला लागले तशी जाता-येता मी त्यात अडकते. ड्रायव्हर बाहेर गप्पा मारत उभा असतो, आम्ही आत उकडत बसतो. नंबर नव्हता तेव्हा तुम्ही ड्रायव्हर लोक गिऱ्हाइकांसाठी एकमेकांच्या अंगावर जायचात, हे मला आठवतं. एकदा तुम्ही कपाळ फोडून घेऊन आलात. स्वयंपाकघरात आई जखमेत हळद भरतेय आणि तुम्ही म्हणताय, "दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ व्हायलाय. आता आमी भांडणार न्हाई." मग नंबर आला, सगळ्यांच्या घरी चूल पेटली, तुमची ही लेक शिकली. त्या तिसऱ्याला, गाडीत बसणाऱ्याला, मात्र कुणी विचारलं नाही.

परवा बारावीला अर्थशास्त्रातली स्पर्धा शिकवत होते. विकणाऱ्यांनी आपसात ठरवून गिऱ्हाइकाला दुसरी वाटच ठेवली नाही, तर देशाचा कायदा त्याला आडवा येतो. चढाओढ असली की भाव आवाक्यात राहतो, काम सुधारतं, नव्या माणसाला धंद्यात शिरता येतं. दरवर्षी सांगते तेच. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, मंग स्टँडवरचा नंबर बी त्यातच आला की." वर्ग हसला. मला हसू आलं नाही.

कारण सध्या माझाच एक जुना विद्यार्थी नंबर न मानता जीप चालवतो. भरो न भरो, वेळ झाली की सुटतो. काल तुमच्या बरोबरीचे ड्रायव्हर काका घरी आले. म्हणाले, "बाई, तुमच्या वडलांनी लावलेली रीत हाय. त्यो तुमचं ऐकतो. नंबरात ये म्हणावं, न्हाईतर आमी त्याची गाडी स्टँडवर लागू देणार न्हाई." चहा निवत चालला होता आणि मला आई दिसत होती. तापानं फणफणलेली, तुमच्याच जीपमध्ये खिडकीला डोकं टेकून बसलेली. दवाखान्यात न्यायचं होतं. काढा ना गाडी, मी म्हणाले, तर तुम्ही माझ्यावरच खेकसलात, "भरल्याबिगर कशी काढू? नंबर हाय." आई म्हणाली, "बसते मी. लय न्हाई दुखत."

काकांना मी सांगितलं, त्याला मी काही म्हणणार नाही, आणि तुम्ही अडवलंत तर त्याच्या बाजूनं तक्रार मी लिहीन. बराच कायदाही ऐकवला. खरं तर मी दमलेय, दादा. रोज कुणीतरी येऊन गाडी भरेल म्हणून बसून राहायचा वीट आलाय. काका चहा तसाच ठेवून उठले. दारात म्हणाले, "तुमचे वडील असते तर तुमी असं बोलला नसता."

हे पत्र कुठं पाठवायचं? पण काका खरं बोलले. तुम्ही समोर बसला असता तर माझ्या तोंडून 'नाही' निघालं नसतं. तुम्ही नाही आहात याचं काल पहिल्यांदा मला बरं वाटलं.